उशीवरून दिसणारी बाजू

माझे काका माणसाच्या चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे बघत. रस्त्यात कुणी हसत समोरून गेलं की चालता चालता हळूच म्हणत, "वरची माझी आहे. खालचे त्याचे स्वतःचे, पण फार दिवस टिकायचे नाहीत."

काका कवळ्या बनवत. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथल्या खिडकीखाली त्यांचं टेबल. पुढे डॉक्टर माप घेत, आणि भिंतीतल्या झरोक्यातून प्लास्टरचे जबडे मागे काकांच्या हातात येत. ज्यांच्या तोंडात त्यांचं काम वर्षानुवर्षं राहिलं, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. काकांना त्याचं काही वाटत नसे. "मला बघून काय करायचंय? चावता येतंय ना?"

मी लहान असताना एकदा त्यांनी मला टेबलाशेजारी बसवून सगळं काम दाखवलं होतं. कवळी आधी मेणाची होते. मग ती पितळी साच्यात प्लास्टरमध्ये पुरायची, साचा उकळत्या पाण्यात ठेवायचा, आतलं मेण मऊ झालं की उघडायचा आणि वरून आणखी उकळतं पाणी ओतत राहायचं. मेणाचा एवढासा पापुद्रा राहिला तरी काम वाया. शेवटी प्लास्टरमध्ये उरायची ती फक्त स्वच्छ, रिकामी जागा. "बघ," काका म्हणाले होते, "आता इथे काही नव्हतंच असं वाटतं की नाही?" वाफेनं त्यांच्या चष्म्याची भिंगं पांढरी झाली होती. ते पुसायच्या आधी ते तसेच माझ्याकडे बघून हसले होते.

काकांनी लग्न केलं नाही. आत्यानंही नाही. ती त्यांच्याहून मोठी, टेलिफोनच्या कार्यालयात नोकरीला होती, आणि नोकरी सुटल्यावरही कुणी फार वेळ बोलायला लागलं की "वेळ संपली" म्हणून त्याला गप्प करायची. बाबा या दोघांच्या मधले. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काका आणि आत्या इतकी वर्षं राहिली, की त्यांची भांडणंसुद्धा झिजून गुळगुळीत झाली होती. कुणी कुठल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं, हे ठरलेलं.

मग आत्याची फुप्फुसं गेली. हळूहळू गेली. आधी जिना बंद झाला, मग गच्ची, मग स्वयंपाकघरात उभं राहणं. बाहेरच्या खोलीत तिचा पलंग आला आणि पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र. नाकाशी नळी, आणि दिवसभर घरघर. खिडकी उघडली की गार वाऱ्यानं तिला खोकल्याची उबळ येई, म्हणून खिडकी बंद. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता. तिथला पंखा लावला की झोत थेट पलंगावर यायचा, म्हणून पंखाही बंद.

त्याच सुमारास डॉक्टरांनी दवाखान्याची रंगरंगोटी काढली आणि बाहेर बसणाऱ्या रुग्णांसाठी ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी त्यांना नकोशी झाली. तिची निगा तशीही काकाच राखत. ते ती घरी घेऊन आले. पलंगासमोर, खोलीच्या मध्ये आडवी ठेवली, दोन्ही बाजूंनी काच उघडी राहील अशी. अलीकडे आत्या, पलीकडे स्वयंपाकघराकडे जायची वाट.

"हे काय, मला मासळीबाजारात झोपवतोस?" आत्या म्हणाली.

"खिडकी उघडता येत नाही ना तुझी. ही घे."

टाकीत मासे दोनच होते, तेही लाजरे. खरी वस्ती प्रवाळांची. त्यांतलं एक होतं कठीण, दगडी, हिरवट, वळ्यावळ्यांचं. दवाखान्यात आलं तेव्हा ते दाढेएवढं होतं. आता त्यानं काकांची मूठ भरली असती. आत्यानं त्याला पहिल्याच आठवड्यात नाव दिलं: मेंदू. "या घरात मेंदू एकच आहे," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आणि तोही पाण्यात."

काकांनी त्याच्यासाठी एका मोठ्या दगडाला वर खाच कोरली होती. मेंदूच्या बुडाला ती अशी बसायची, जशी कवळी हिरडीवर बसते. ते काम त्यांना स्वतःला फार आवडलं होतं. मला त्यांनी ते दोनदा दाखवलं.

बटणं, म्हणजे शर्टाच्या बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ, आली ती फुकट. टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं एक दगडाचा तुकडा पिशवीत घालून दिला. वर तपकिरी, मऊ, गोल तोंडं, कडेला झालर. "घ्या साहेब, रिकामी जागा भरून काढतील." आत्याला ती आवडली. सकाळी दिवा लागला की एकेक उघडायची, कुणी काचेवर टिचकी मारली की मिटायची. "शाळेतल्या मुली," ती म्हणाली. "बाई आल्या की तोंडं बंद."

रिकामी जागा त्यांनी भरून काढली. मग भरलेली जागाही भरायला घेतली. एका दगडावरून दुसऱ्यावर, दगडाच्या पोटाखालून पाठीवर, पंपाच्या नळीवर. वर चामड्यासारखा एक पातळ थर पसरायचा आणि त्या थरातून नवं तोंड उगवायचं. काकांनी दवाखान्यातून आणलेली दाताची आकडी काढली आणि ओरबाडायला सुरुवात केली. आठवड्याभरात दुप्पट झाली. ओरबाडलेल्यातला जो कण पाण्यात सुटला, तो जिथे टेकला तिथे रुजला.

मग ते शिकले. कामाआधी पंप बंद करायचा, म्हणजे कण वाहणार नाहीत. सुटलेला प्रत्येक तुकडा नळीनं ओढून घ्यायचा. बटणांचे दगड बाकीच्यांपासून वेगळे, वाळूत एकटे ठेवायचे आणि भोवती हातभर वाळू मोकळी ठेवायची; वाळूवर त्यांना पाय रोवता येत नाही. दुकानदारानं बजावलं होतं, यांच्या चिकात विष असतं. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा लावा, हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका. काकांनी ते सगळं पाळलं. आयुष्यभर बारीक, टोकदार गोष्टींशी काम केलेला माणूस. सांगितलेलं पाळायची सवय होती.

पण अडचण अशी, की काका पलीकडच्या बाजूनं, वरून हात घालत. कपारींच्या पोटात काय चाललंय ते त्यांना दिसत नसे. ते दिसायचं आत्याला. तिची उशी टाकीच्या तळाच्या पातळीवर होती. म्हणून मग डोळे तिचे आणि हात यांचे, असं काम सुरू झालं. मी सुट्टीच्या दिवशी जायचे तेव्हा बहुतेक वेळा तेच चाललेलं असायचं. पाण्यातून काकांचा चेहरा मोठा, वाकडा, भोपळ्यासारखा दिसायचा.

"डावीकडे," आत्या म्हणायची.

काकांचा हात सरकायचा.

"अरे डावीकडे सांगितलं ना!"

"डावीकडेच आहे."

"ती तुझी डावी. माझी डावी."

"मी इकडून उभा आहे, मग माझीच डावी नको का?"

"बघतंय कोण?" दम घ्यायला ती थांबायची. नळी नीट करायची. "जो बघतो, त्याची डावी. हं. आता खाली. कपारीत. दोन कार्ट्या लपल्यात बघ."

"मिळाल्या."

"एक मिळाली. उगाच फुशारकी नको."

यंत्राची घरघर, पंप बंद म्हणून पाणी थिजल्यासारखं, आणि ही दोघं. तिचा श्वास लागला की काका हात पाण्यातच ठेवून थांबत, ती पुन्हा बोलेपर्यंत. मला तेव्हा वाटायचं, हे काम कधी संपू नये असं या दोघांनाही वाटतंय.

थंडी वाढली तशी आत्या खालावली. सूपसुद्धा चमच्याचमच्यानं. बोलणं कमी झालं, पण बघणं नाही. एका सकाळी तिनं काकांना हाक मारली आणि बोटानं दाखवलं. मेंदूच्या दगडाच्या पाठीवरून बटणांचा थर वर चढला होता. खाचेपर्यंत. मेंदूची कड जिथे त्याला लागली होती तिथे हिरवा रंग गेला होता आणि नखाएवढं पांढरं हाड उघडं पडलं होतं.

"त्याला वाचव," ती म्हणाली. "माझं काही म्हणत नाहीये मी. त्याला वाचव."

काका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, मेंदू अलगद सोडवून दुसऱ्या दगडावर ठेवा आणि तो दगड टाकून द्या. इतका झाकला गेलाय तर आता खरवडत बसू नका.

मेंदू त्यांनी सोडवला. तात्पुरता एका सपाट दगडावर ठेवला. मात्र खाचेचा दगड त्यांच्याच्यानं टाकवेना. साचा टाकायचा नसतो. साच्यात नको ते अडकलं असेल तर ते काढायचं आणि साचा ठेवायचा; हे त्यांच्या हातांना माहीत होतं, डोक्याला विचारायची गरज नव्हती. आणि ते कसं काढायचं, हेही त्यांना माहीत होतं.

त्यांनी मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. दगड त्यात बुडवला. हातमोजे घातले, चष्मा लावला. विष होतं ते चिकात, आणि चीक हाताला लागू द्यायचा नाही एवढं दुकानदारानं सांगितलं होतं. उकळल्यावर काय उरतं? त्यांच्या सगळ्या आयुष्यात उकळणं म्हणजे स्वच्छ करणं. बाहेर थंडी होती, खिडकी बंद होती. पंखा त्यांनी लावला नाही. आत्याच्या अंगावर झोत येऊ नये म्हणून.

पाणी उकळू लागलं. बटणं मिटली, मग फुगली, मग सुटी होऊन फेसात वर आली. पडद्याच्या फटीतून वाफ बाहेरच्या खोलीत जात होती.

"काय शिजवतोस?" आत्यानं विचारलं. "जुन्या कवळ्या?"

"तुझ्या मेंदूचं आसन."

"वास कसला रे... वास नाही, चव. तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय."

काकांच्याही जिभेला कडवट लागत होतं. खारं पाणी, त्यांना वाटलं. त्यांनी आच कमी केली आणि आणखी थोडा वेळ दगड तसाच ठेवला. पापुद्रा राहायला नको. मग गॅस बंद करून, पाणी ओतून त्यांनी दगड आत्यासमोर नेला. तो कवळीच्या प्लास्टरसारखा पांढरा झाला होता. खाचेची प्रत्येक रेघ पुन्हा दिसत होती.

"बघ," ते म्हणाले. "कोरा."

आत्यानं मान हलवली. तिला खोकला लागला होता.

दिवस मावळायच्या सुमाराला दोघांनाही थंडी वाजून ताप भरला. काकांचे हातपाय असे दुखू लागले की पाण्याचा पेला उचलवेना. साथ असेल, म्हणून त्यांनी बाबांना फोन केला. बाबा आणि मी पोचलो तेव्हा काका भिंतीला धरून आत्याच्या यंत्राची कळ वाढवत होते आणि ती वाढून वाढून शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबली होती. आत्या आमच्याकडे बघत नव्हती. एकेका श्वासासाठी तिला सगळ्या अंगानिशी उठावं लागत होतं. घरात शिरताना माझ्याही घशाशी काहीतरी चुरचुरलं. मी खिडकी उघडायला गेले तर काका ओरडले, "उघडू नकोस! वारा लागेल तिला!"

मी उघडली नाही.

आम्ही दोघांनाही रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सगळं विचारलं. कधीपासून, कुणाला सर्दी होती का, घरात धूर, रंग, कीटकनाशक असं काही? काकांनी आठवून आठवून सांगितलं, नाही. काहीच नाही. त्यांनी खोटं सांगितलं नाही. दगड उकळणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

काका दोन-चार दिवसांत उभे राहिले. आत्याच्या तोंडावर मोठा मास्क बसवला होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. एकदा तिनं काकांच्या तळहातावर बोट फिरवलं, वळ्यावळ्यांसारखं. काका म्हणाले, "आहे. बरा आहे. कड भरून येतेय." ते टाकी बघायला घरी गेलेच नव्हते. मी गेले होते, माशांना खायला घालायला, आणि कड अजून पांढरीच होती. आत्यानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी, काका खाली औषध आणायला गेलेले असताना, ती गेली.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत सूज होती. अशा फुप्फुसांना साधी सर्दीही पुरते.

काका दुकानात गेले ते टाकीतल्या पाण्याची काळजी म्हणून. इतके दिवस कुणी लक्ष दिलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, बटणं गेली एकदाची, दगड उकळून घेतला. दुकानदार टाकीसाठी समुद्री मीठ मोजत होता. त्याचा हात थांबला.

"उकळला? कुठे?"

"घरात. गॅसवर."

"घरात कोण होतं?"

मग दुकानदारानं सांगितलं. ते विष उकळून मरत नाही. वाफेवर चढतं आणि वाफ जाईल तिथे जातं. धडधाकट माणसंसुद्धा यानं दवाखान्यात पडतात. "मी म्हणालो होतो टाकून द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "उकळू नका असं म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, साहेब. असं कुणी करेल असं वाटलं नाही."

काका तिथून चालत आमच्या घरी आले. आई ताटं मांडत होती. ते उभ्या उभ्याच बाबांना म्हणाले, "ताईला मी मारलं."

"काहीतरी बोलू नकोस. बस."

त्यांनी सगळं सांगितलं. पातेलं, पडदा, नाण्याची चव. बाबांनी समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, डॉक्टर म्हणाले ना, सर्दीही पुरली असती. ताप आधीच असेल अंगात. आपल्याला काय माहीत. "आणि तूही तिथेच होतास की. तू नाही का जगलास?"

"हो," काका म्हणाले. "मी जगलो."

नक्की काय ते आता कुणीच सांगू शकणार नाही. बाबांना यात दिलासा वाटतो. काकांना नाही. मधल्या काळात त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडची मागची खोली सोडली. हाताला कंप आला आहे म्हणाले. मला तो दिसला नाही. साचे अजून उकळावे लागतात, एवढंच मला माहीत आहे.

बाबांनी टाकी काढून टाकायचं ठरवलं होतं. माणूसही बोलावला होता. त्या दिवशी मी काकांकडे गेले तेव्हा घराची खिडकी सताड उघडी होती. हवा इतकी गार होती की मी कोट काढला नाही. स्वयंपाकघराचा पडदाही काढून टाकलेला. बाहेरच्या खोलीची खिडकी आता उघडीच असते. यंत्र परत गेलं होतं आणि त्या घरघरीशिवाय टाकीचा आवाज नवखा वाटत होता.

पांढरा दगड स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पातेल्याशेजारी होता. पातेलं पालथं घातलेलं. काकांनी दोन्हींना तेव्हापासून हात लावलेला नव्हता. मेंदू टाकीत सपाट दगडावरच होता. त्याची पांढरी कड तशीच होती, पण आत, जिवंत भागाच्या काठावर, एक बारीक हिरवी रेघ वर उचलल्यासारखी दिसत होती.

"तो माणूस येईल आता," मी म्हटलं. "काय सांगू?"

काका आत्याच्या पलंगावर जाऊन आडवे झाले. बूट घातलेलेच. उशीवर डोकं ठेवून ते टाकीकडे बघत राहिले, आणि मला वाटलं ते रडतायत. पण ते बघत होते.

"इथून दिसतं," ते म्हणाले. "मेंदूच्या खालच्या कपारीत. तीन आहेत. मोठी आहेत." मग थोड्या वेळानं, "महिनाभर तरी असतील. तिला दिसत असणार. तिनं सांगितलं नाही."

सांगायला तिच्याजवळ श्वास होता कुठे, हे मी म्हटलं नाही.

ते उठले, टाकीला वळसा घालून पलीकडे गेले, हातमोजे चढवले, चष्मा लावला. पंप बंद केला. हातात आकडी नव्हती, छोटी पक्कड होती. "आता खरवडायचं नाही," ते म्हणाले. "बटणाला धक्का न लावता खालचा दगडच तोडून काढायचा. पाण्यातल्या पाण्यात पिशवीत घालायचा आणि बांधायचा." त्यांनी हात पाण्यात घातला आणि थांबले. वरून त्यांना काही दिसत नव्हतं. पुन्हा उशीकडे यावं तर हात इथे, आणि इथे राहावं तर डोळे तिथे. ते तसेच उभे राहिले, कोपरापर्यंत पाण्यात, उघड्या खिडकीतून येणारा वारा पाठीवर घेत.

खाली माणसानं घंटी वाजवली.

मग मी कोटासकट पलंगावर चढले आणि आत्याच्या उशीवर डोकं टेकलं. उशीला अजून तिच्या औषधाचा वास होता. पाण्यातून काकांचा चेहरा मोठा आणि वाकडा दिसत होता. कपारीत तीन तपकिरी तोंडं उघडी होती.

"डावीकडे," मी म्हटलं.

त्यांचा हात हलला नाही.

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

घंटी पुन्हा वाजली. मला उत्तर माहीत होतं, पण ते द्यायला आवाज जागेवर यावा लागला. तोवर ते थांबले, हात पाण्यातच ठेवून, तिच्यासाठी थांबायचे तसे.

"जो बघतो त्याच्या," मी म्हटलं.

काकांचा हात सरकला. माझ्या डावीकडे, खाली, कपारीत.